मावशीला बोलवा

"आई, तुमच्यासारखा धीराचा जीव मी उभ्या जन्मात पाहिला नाही हो," सून म्हणाली, चहाचा कप मावशीच्या हाताशी ठेवला आणि आली तशी आत निघून गेली.

मावशीनं कपाला हात लावला नाही. ठेवताना कपाचा आवाज झाला नव्हता. बावीस वर्षं ही बाई रोज सकाळी कप आपटत आली होती. बशीत चहा सांडायचा, मावशी म्हणायची, "बशीला पाज, मला कशाला?" आणि आतून उत्तर यायचं, "बशी तुमच्यापेक्षा बरी, कुरकुरत तरी नाही." एवढं झालं की दिवस रीतसर सुरू झाला म्हणायचा. बावीस वर्षांत दोघींनी एकमेकींना एक गोड शब्द दिला नव्हता आणि घर त्यावरच टिकलं होतं. गोड बोलणारी घरं मावशीनं कितीतरी पाहिली होती, आजारी माणसाच्या उशापायथ्याशी उभी राहिलेली, आणि त्यांतली निम्मी तिथल्या तिथे कोसळताना पाहिली होती. आज बशी कोरडी होती. चहावर साय धरत होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं, धप्, धप्, आणि दर धपाला मावशी वाट बघत होती की आता डाव्या पायात कळ येईल, पण कळ येत नव्हती. तेच तर दुखणं होतं. स्टुलावर ठेवलेला तो पाय तिला दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा वाटायला लागला होता. घोट्यापर्यंत गुंडाळलेलं फडकं, आत तीन बोटं काळी पडलेली, विझलेल्या वातीसारखी. रक्ताच्या नळ्या बंद झाल्यात, डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याखाली कापावा लागेल. मग कागदांत तोंड घालून म्हणाले होते, हृदयाचं तेवढं... बघू. हे 'बघू' मावशीच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मी नाही कापून घेणार. आले तेव्हा दोन पाय घेऊन आले, जाताना एक इथं कशाला ठेवू?" याला चार दिवस झाले होते. चार दिवस मुलगा तोंड पाडून फिरत होता आणि सून तोंड सोडून बोलत होती, "मेल्या पायाला कुरवाळत बसा, वास सुटला की मग मला हाका मारा," आणि मावशी आतून निवांत होती. सून भांडतेय तोवर भ्यायचं कारण नव्हतं. आणि आज सकाळी हे. धीराचा जीव.

शिवाय ते वाक्य सुनेचं नव्हतंच. ते मावशीचं होतं. शब्दन् शब्द, 'उभ्या जन्मात' धरून.

सर्जरीच्या वॉर्डात मावशीनं आया म्हणून एकतीस वर्षं काढली. शिकली म्हणाल तर सहीपुरती, तीही तिरकी. हातात फरशीचं फडकं नाहीतर पेशंटचं भांडं, पण तिची खरी नोकरी जिभेची होती. कुणी ऑपरेशनच्या कागदावर सही करत नसला, नाकातली नळी उपटून फेकत असला, थेटरच्या दारातून उलटा फिरायला लागला, की आधी नर्स समजावायची, मग शिकाऊ डॉक्टर इंग्रजी-बिंग्रजी बोलून बघायचे, मग मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत समजावायचे, आणि मग कुणीतरी थकून म्हणायचं, मावशीला बोलवा. भूल देणारे डॉक्टर हसायचे, "आतली भूल मी देतो, बाहेरची मावशी देतात." मावशी फडकं बादलीत टाकून, हात धुऊन, ओला हात पाठीला पुसत यायची. तिला घाई नसायची. डॉक्टर पोट दाबून दुखरी जागा शोधतात, तशी ती माणसाची फुगायची जागा शोधायची. प्रत्येकाला ती असतेच. धुडासारखा ट्रकचा ड्रायव्हर सुईला बघून रडायचा, त्याची जागा वळणं होती: एवढी मोठी गाडी घाटातून काढता तुम्ही, मला तर जिना उतरताना घेरी येते. एका म्हातारीची जागा तिची पावलं होती, लहान, गोरी, तिची तिलाच फार आवडणारी. एका कारकुनाचं अक्षर. आणि जिला जन्मात कुणी बरं म्हटलेलं नाही अशी बाई आली, तर तिच्या सगळ्या अंगभर जागाच जागा, बोट ठेवाल तिथं रडायला तयार. आधी हात हातात घ्यायचा. अंगठा त्याच्या बोटांच्या पेरांवर हळूहळू गोल फिरवायचा. डोळ्यांत बघायचं नाही, ज्याची तारीफ करायची त्याच्याकडे बघायचं. आणि मग वाक्य. तुमच्यासारखा धीराचा जीव मी उभ्या जन्मात पाहिला नाही. जी माणसं भीतीनं पलंगाची दांडी सोडत नव्हती त्यांना ती हे सांगायची, आणि ती माणसं खरंच दांडी सोडायची. हे खोटं होतं का, असं तिला कधी वाटलं नाही. उशी दिली तर उशी खरी की खोटी असं कुणी विचारतं?

पण जे घरी जाणार हे तिला कळायचं, त्यांना ती असलं काही द्यायची नाही. त्यांना शिव्या. "ऊठ रे, काय मढ्यासारखा पसरलायस, बायको बघेल आणि दुसऱ्याच पलंगापाशी जाऊन बसेल!" तिला कुणी हे शिकवलं नव्हतं, आपोआप होत गेलं. आणि वॉर्डात सगळ्यांना ते कळलं होतं. झाडूवाली सांगायची, सात नंबरवर मावशी खेकसली, म्हणजे सात नंबर वाचला. पुढेपुढे नातेवाइकांनाही कळायला लागलं. एक बाई होती, पोटात पाणी झालेली, लेकीसुनांचा गराडा असलेली. मावशी तिचे केस विंचरत म्हणाली, किती मऊ हो केस तुमचे, या वयात. बाई तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला पण दोन शिव्या घाल की गं." मावशीची फणी अडकली. तिला त्या क्षणी एकही शिवी आठवली नाही. तिच्यासारखीला, जिच्या तोंडात शिव्या दाण्यांसारख्या असायच्या.

आता ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून त्या बाईसारखी आतल्या दाराकडे बघत होती. आत भांडी वाजत होती, पण जपून. नळसुद्धा बारीक सोडलेला. "अगं ए!" ती ओरडली, "चहा आहे की कसल्या मेल्या पानांचं पाणी?" बावीस वर्षांत याला उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं. आज आत भांडी तेवढी थांबली. मग सून दारात आली, हात पुसत, आणि म्हणाली, "दुसरा करून आणू का?" तिच्या चेहऱ्यावर तो चेहरा होता. मावशीला तो ठाऊक होता, ती तो रोज बारा तास लावायची. वर हसू आणि खाली, गळ्यापाशी, काहीतरी दाबून धरलेलं. "नको," मावशी म्हणाली. एकदम तिला थंडी वाजली. पायात नाही, पाठीत.

मग तो शिंपी आला. म्हणजे आठवला, पण मावशीला तो आल्यासारखाच वाटायचा, टेप गळ्यात टाकून. वीस वर्षं झाली. बारीक माणूस, बोटांची टोकं सुयांनी खरवडलेली. आतड्यात गाठ. डॉक्टर म्हणाले कापू, हा म्हणाला नाही. रडला नाही, ओरडला नाही, नाही म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मावशीला बोलवा. मावशीनं त्याच्या हातांची तारीफ केली, तो म्हणाला, हात झिजलेत. मुलांची केली, तो म्हणाला, मूल नाही. बायको देखणी आहे म्हटलं, तर हसला आणि म्हणाला, "मावशी, मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय की हा रंग तुम्हाला शोभतो. मला माहितीये कसं सांगतात." मग त्यानं पलंगावरची चादर हातात घेतली, उजेडाकडे धरली. "हे बघा. हे कापड विरलंय. वरून कळत नाही, पण उजेडात दिसतं. याला कात्री लावायची नाही. लावली तर टाका कुठं धरणार? दर टाक्याला उसवत जाईल. मी आतून असा झालोय. मला माझं कापड कळतं." मावशीला त्या वेळी तो शहाणा वाटला नाही, हट्टी वाटला, आणि खरं सांगायचं तर तिला राग आला. एकवीस वर्षांच्या पेशंटपासून ऐंशीपर्यंत तिला नाही म्हणून कुणी टिकलं नव्हतं. डॉक्टर दाराशी उभे होते. नर्स उभी होती. पलंगाच्या पायथ्याशी चिमणी उभी होती, हातात भांडं घेऊन, नवी लागलेली, डोळे एवढाले करून शिकत. आणि मग मावशी काहीतरी बोलली, आणि शिंप्यानं सही केली. काय बोलली ते मावशी आठवायला जायची नाही. तिथं येऊन तिचं मन नेहमी वळसा घेऊन पुढे सरकायचं, जसं वॉर्डात फरशी पुसताना एखाद्या पलंगाखालून ती पुसायची नाही, नुसती कडेकडेनं न्यायची.

टाके धरले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या बायकोनं मावशीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून ते शांतपणे आत गेले.

दुपार व्हायच्या आधी चिमणी आली. एकोणिसाव्या वर्षी वॉर्डात आली तेव्हा काडी होती आणि सारखी बडबडायची, म्हणून चिमणी. आता चाळिशी झालेली, चष्मा लागलेला, सगळ्या आयांची मुकादम, तरी चिमणीच. रिकाम्या हातांनी आली. फळं नाहीत, फुलं नाहीत. सुनेनं दार उघडलं आणि लगेच आत गेली, दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं, आणि मावशीनं ते टाळणं बघितलं.

"ये," मावशी म्हणाली. "तुला बोलावलं वाटतं."

"बोलावलं. तुमचा मुलगा आला होता काल वॉर्डात."

"मग कर सुरू. धीराचा जीव सकाळीच होऊन गेलाय. सुनेला तूच पढवलंस ना? तिच्या तोंडात ते वाक्य कसं अवघडून बसलं होतं, उसन्या चपलेसारखं."

चिमणी हसली. "मी म्हटलं होतं त्यांना, नका जाऊ त्या वाटेला, ओळखतील."

"हात धर आधी. विसरलीस का?"

"नाही धरत." चिमणीनं खुर्ची ओढली ती जवळ नाही, लांब. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी, तुम्हाला काय गोड बोलायचं? तुम्हाला बनवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. आम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे मी काय नाटक करू? म्हणून सरळ सांगते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर राहू दे. कापला नाही तर पंधरा दिवस. विष वर चढेल, आणि ते चढणं कसं असतं ते तुम्ही बघितलंय. कापला तर जगाल, नाहीतर टेबलावर जाल. डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही. बस. माझी ड्यूटी आहे, निघते."

आणि ती खरंच उठली.

मावशीला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा खरं, पोटातून. केवढं हायसं वाटलं तिला! घरातली सगळी हवा त्या जपून वाजणाऱ्या भांड्यांनी कोंदली होती, आणि या पोरीनं येऊन फटकन खिडकी उघडली. हिला मी घडवलं, असं तिला वाटलं, आणि छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. बाकीच्यांना उशा द्याव्या लागतात. मला नाही लागत. मी कुणाच्या बोलण्यानं हलणारी नाही, मला सत्य सांगा, मी सत्यावर सही करते. "बस खाली," ती म्हणाली. "ड्यूटीवाली मोठी. कागद आणलायस ना पिशवीत? दे इकडे." चिमणीनं कागद दिला. मावशीनं सही केली, तिरकी, पण दणदणीत, शेवटी रेघ ओढून. आत नळ एकदम बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिला ट्रॉलीवर घेतलं. ही छतं तिनं कधी बघितलेली नव्हती. एकतीस वर्षं या वॉर्डाची तिला फरशी पाठ होती, कुठल्या लादीला तडा, कुठं पाणी साचतं. छतावर काय आहे ते तिला माहीत नव्हतं. पोपडे, एक बंद पडलेला पंखा, ओलीचा नकाशा. एकामागून एक दिवे वरून सरकत होते. हे सगळे पेशंट बघत जायचे तर, तिला वाटलं, आणि मी खाली बघून चालायची. सुई दिलेली होती, तोंड कोरडं पडलं होतं, जीभ कापसाची झाली होती. मुलगा पायाकडच्या बाजूनं चालत होता आणि पायाकडे बघत नव्हता. सून त्याच्या मागे. उजव्या हाताला चिमणी. ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं. वळणावर चिमणीनं तिचा हात हातात घेतला.

अंगठा पेरांवर आला. हळूहळू, गोल.

आणि मावशीचं मन त्या पलंगाखाली गेलं जिथं ते कधी जायचं नाही, आणि तिथं ते वाक्य पडलेलं होतं, वीस वर्षांची धूळ खात. शिंपीदादा, तुम्हाला काय गोड बोलायचं? तुम्हाला बनवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. म्हणून सरळ सांगते. कापलं नाही तर पंधरा दिवस. ती फडकं उचलून निघाली होती, खरंच दारापर्यंत गेली होती, आणि मागून शिंपी म्हणाला होता, थांबा. त्याचा चेहरा! केवढा उजळला होता तो. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याच्याशी माणसासारखं बोललं होतं. हाताची नव्हे, बायकोची नव्हे, ही त्याची जागा होती: की मी फसत नाही. पायथ्याशी चिमणी भांडं धरून उभी होती. आणि ते पंधरा दिवस कुठल्या डॉक्टरनं सांगितले नव्हते. ते मावशीचे होते. दहा म्हटलं तर माणूस हबकतो, आडवाच होतो. महिना म्हटलं तर बघू म्हणतो. पंधरा बरोबर बसतात. संध्याकाळी आयांच्या खोलीत भाजी निवडावी तसं तिनं चिमणीला हे सांगितलं होतं, "पंधराच म्हणायचं."

"चिमणे," ती म्हणाली. जीभ वळत नव्हती. "पंधरा कुणी सांगितले?"

"डॉक्टरांनी," चिमणी म्हणाली. लगेच म्हणाली. मग, खाली न बघता, "तुम्हाला तर सगळं कळतंच, मावशी."

ओरडावं, थांबवा म्हणावं, असं मावशीला वाटलं. छातीपर्यंत आलंही. पण थांबवून विचारायचं कुणाला? डॉक्टर 'बघू' म्हणणार. मुलगा रडणार. चिमणी खरंही बोलत असेल. पंधरा खरेही असतील, दहाही असतील, तीन वर्षंही असतील. उजेडाकडे धरून बघावं असं मावशीपाशी काही नव्हतं. शिंप्याला निदान स्वतःचं कापड कळत होतं. तिला नुसत्या दुसऱ्यांच्या जागा कळायच्या. थेटरच्या दाराशी त्यानं मान उचलून तिच्याकडे पाहिलं होतं, ते आता तिला दिसलं. त्या वेळी तिला वाटलं होतं, घाबरलाय. तो घाबरला नव्हता. त्याला कळलं होतं. आणि ती म्हणाली होती, मी आहे ना.

ट्रॉली थांबली. दाराच्या जाड रबरी पट्ट्यांच्या फटीतून आतली थंड हवा येत होती, औषधाच्या वासाची. इथून पुढे घरच्यांना यायचं नाही, ती फरशीवरची रेघ मावशीनं हजारदा पुसली होती. मुलानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला. सून पुढे आली. तिचे डोळे सुजले होते, रात्रभर जागलेले. आणि त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघताना मावशीला फक्त एकच गोष्ट हवीशी झाली, पाय नको, पंधरा दिवस नकोत, एक शिवी. खरी, घरातली, बशीत सांडणारी.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

सुनेची नजर मावशीवरून उचलली गेली, पलीकडे, चिमणीकडे. एक क्षणच. चिमणीनं मान हलवली की नुसता चष्मा सारखा केला, ते मावशीला खालून दिसलं नाही. आणि सून म्हणाली, "चला, पुरे झाली नाटकं. लवकर या बाहेर, तुमच्या बाजूची सगळी कामं माझ्या उरावर पडलीत. आणि येताना ते तोंड तिथंच ठेवून या."

चांगली होती. आवाज बरोबर होता, शेवटचा शब्द नेहमीसारखा तोडला होता. फक्त एका श्वासानं उशिरा आली होती.

मावशी म्हणाली, "शिवी घालताना इकडेतिकडे बघायचं नसतं गं." सुनेनं ऐकलं की नाही कोण जाणे, तिनं तोंडावर हात घेतला होता. ट्रॉली हलली. रबरी पट्ट्या पायांवरून, पोटावरून, चेहऱ्यावरून ओल्या फडक्यासारख्या सरकत गेल्या. चिमणी बरोबर आत आली. तिचा अंगठा फिरतच होता, हळूहळू, गोल, एकसारखा. तिला तसं शिकवलेलंच होतं: दार मागे पुरतं मिटेपर्यंत थांबायचं नाही.